कागदावरचे पोरके

काठमांडूच्या दक्षिणेला, खोऱ्याच्या कडेला, गोदावरी नावाचं गाव आहे. मराठी माणसाला नाव ऐकताच नाशिक आठवेल. योगायोग म्हणजे या गोदावरीतही कुंड आहे आणि तिथेही दर बारा वर्षांनी मेळा भरतो. या गावातल्या एका बालगृहात २००४ साली कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकी तरुण स्वयंसेवक म्हणून आला. वर्षभर जगप्रवास करायचा, त्यातले तीन महिने अनाथ मुलांसोबत घालवायचे, असा त्याचा बेत होता. नुसती भटकंती केली असं सांगण्यापेक्षा ‘अनाथाश्रमात काम केलं’ असं सांगणं चारचौघांत बरं दिसतं, हेही आपल्या मनात होतं, अशी कबुली त्याने पुढे आपल्या पुस्तकात दिली.

मुलांनी त्याला लळा लावला. ती पोरकी आहेत, यादवी युद्धात त्यांचे आईबाप गेले, असंच तो धरून चालला होता. मग एके दिवशी दारात एक बाई येऊन उभी राहिली. बालगृहातल्या दोघा भावांची ती आई होती.

ती मेली नव्हती. तिने मुलांना टाकलंही नव्हतं. मुलांच्या शिक्षणासाठी तिने एका माणसावर विश्वास ठेवला होता, एवढंच. चौकशी सुरू झाली तसं एकेक मूल तिच्या मुलांसारखंच निघत गेलं. २००६ मध्ये ग्रेनन मुलांचे फोटो घेऊन हुमला जिल्ह्याच्या डोंगरांत पायी हिंडला आणि त्याला आईबाप सापडत गेले. याच कामासाठी ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था उभी राहिली. मुलं कायमची सांभाळणं हे तिचं उद्दिष्ट नव्हतं. मुलांना घरी पोचवणं हे होतं.

परदेशी जाऊन गरीब मुलांसाठी काही करावं, असं आज लाखो तरुणांना वाटतं. आपल्याकडच्या मुलामुलींनाही वाटू लागलं आहे. त्या इच्छेत खोट नाही. पण ती इच्छा जिथे पोचते तिथे काय घडतं, याचा गेल्या वीस वर्षांत बराच अभ्यास झाला आहे, आणि त्याचं उत्तर सुखाचं नाही.

हुमलाहून काठमांडूला

हुमला नेपाळच्या वायव्य टोकाला, तिबेटच्या सीमेवर आहे. त्या काळी जिल्ह्याला मोटाररस्ता नव्हता. सिमिकोट इथल्या धावपट्टीवर उतरायचं, नाहीतर कित्येक दिवस चालायचं. १९९६ ते २००६ या काळात नेपाळमध्ये माओवाद्यांचं बंड चालू होतं. डोंगराळ भागात बंडखोर घरटी एक मूल मागत. शाळा ओस पडल्या होत्या. अशा वेळी ओळखीतला एखादा माणूस येई आणि म्हणे, ‘पोराला काठमांडूला नेतो, चांगल्या बोर्डिंग शाळेत घालतो.’ आईबाप जमीन गहाण टाकून, जनावरं विकून त्याला पैसे देत. पोर जिवंत राहील आणि शिकेल, या आशेवर.

काठमांडूत पोचल्यावर मुलाचं काय करायचं, ते दलालाच्या हातात होतं. खोटे दाखले तयार होत. आईबाप कागदावर मारले जात. मूल बालगृहात दाखल होई. ऑस्ट्रेलियातल्या कायद्याच्या अभ्यासक कॅथरीन व्हॅन डोर यांनी अशा मुलांसाठी २०१६ मध्ये ‘कागदी अनाथ’ हा शब्द रूढ केला. त्या स्वतः नेपाळमधल्या मुलींना आधार देणाऱ्या एका संस्थेच्या संस्थापकांपैकी. आपण ज्यांना अनाथ समजून सांभाळतो आहोत त्या मुलींना घरदार आहे, हे त्यांनाही उशिरा कळलं होतं. या विषयावर आज जे लोक सर्वांत ठामपणे बोलतात, त्यांतले अनेक असेच स्वतःच्या चुकीतून शहाणे झालेले आहेत.

आता नकाशा पाहा. नेपाळमध्ये तेव्हा ७५ जिल्हे होते. २०१४ च्या सुमारास नोंदणी झालेल्या बालगृहांपैकी सुमारे ९० टक्के फक्त पाच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा ज्यात येतं तो कास्की, आणि चितवन. पर्यटक जातात तेच हे जिल्हे. युद्ध डोंगरात झालं, उपासमार डोंगरात झाली, आणि अनाथ मुलं मात्र विमानतळ, तलाव आणि गेंड्यांच्या अभयारण्याच्या आसपास कशी निघाली? मुलं जिथे पोरकी झाली तिथे बालगृहं उघडली नव्हती. बालगृहं जिथे चालणार होती तिथे मुलं आणली गेली होती.

बालगृह चालतं ते परदेशी पाहुण्यांवर. स्वयंसेवक मध्यस्थ कंपनीला शुल्क भरतो. राहण्या-जेवणाचे पैसे देतो. निघताना मुलांना मिठी मारून रडतो, आणि मायदेशी परतल्यावर मित्रांकडून वर्गणी गोळा करून पाठवतो. या सगळ्याच्या केंद्रस्थानी मूल असतं, आणि मूल जितकं केविलवाणं तितका ओघ मोठा. म्हणून काही बालगृहांत मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत आणि अर्धपोटी ठेवल्याच्या नोंदी आहेत. दान आलेली पुस्तकं-खेळणी पाहुणे गेल्यावर पुन्हा बाजारात जात. पर्यटक-व्हिसावर असं काम करायला नेपाळच्या कायद्यात मुभा नाही, तरीही हे वर्षानुवर्षं चाललं.

२५ एप्रिल २०१५ ला मोठा भूकंप झाला. सुमारे ९,००० माणसं गेली. जगभरातून मदतीचा पूर आला आणि त्याच वेळी दलालही कामाला लागले. नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घातली, नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि परदेशी दत्तकविधान स्थगित केलं. पुढच्या दोन महिन्यांत युनिसेफ आणि तिच्या सहकारी संस्थांनी किमान २४५ मुलांना वाटेत अडवून किंवा बेकायदा संस्थांतून परत मिळवलं. आपत्तीनंतरची पहिली काळजी ‘अनाथांसाठी घर कुठे बांधायचं’ ही नसून ‘मुलं आपल्या माणसांपासून तुटू कशी द्यायची नाहीत’ ही असली पाहिजे, हा धडा तिथे मिळाला.

अंकोरच्या सावलीत

कंबोडियातली आकडेवारी याहून बोलकी आहे. तिथलं युद्ध आणि नरसंहार कधीच मागे पडला होता. देश सावरत होता, गरिबी घटत होती. तरीही २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या १५३ वरून २६९ वर गेली, म्हणजे सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील, किमान एक जण, हयात होते. तिथलं सरकार आणि युनिसेफ यांनी २०११ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध केली.

त्या काळात देशात अनाथ वाढत नव्हते. वाढत होते ते अंकोरची मंदिरं पाहायला येणारे पर्यटक. सिएम रीप शहरात मुलं संध्याकाळी पर्यटकांपुढे अप्सरानृत्य करत, तर कुठे रस्त्यावर पत्रकं वाटून ‘आमच्या आश्रमात या’ म्हणत. २०११ मध्येच ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ या संस्थेने भित्तिपत्रकं लावली. काचेच्या पेटीत बसलेली मुलं आणि भोवती फोटो काढणारे पाहुणे, असं ते चित्र होतं. मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, हा त्याचा सांगावा.

ही गोष्ट दोन देशांपुरती नाही. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्येच जगभराचा आढावा घेऊन सांगितलं होतं की संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आईवडील किंवा त्यांपैकी एक जिवंत असतो. मुलं संस्थेत जातात ती बहुतेक वेळा गरिबीपायी, शाळेपायी, अपंगत्वापायी.

मिठीची किंमत

एवढं होऊनही कुणी म्हणेल, ‘पण दोन आठवडे का होईना, त्या मुलांना माया तर मिळते!’ खरी मेख इथे आहे.

अशा ठिकाणी गेलेला जवळपास प्रत्येक जण एक अनुभव सांगतो. दारातून आत पाऊल टाकलं की अनोळखी मूल धावत येतं, हात धरतं, मांडीवर चढतं. पाहुण्याचं काळीज विरघळतं. पण आपल्या घरातलं तीन वर्षांचं पोर अनोळखी माणूस आला की आईच्या पदराआड लपतं. ते निरोगी मूल. दिसेल त्याला बिलगणारं मूल, हक्काचं एकही माणूस न मिळालेलं असू शकतं. आपण ज्याला प्रेम समजतो ते पुष्कळदा त्या जखमेचं लक्षण असतं.

लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन या संशोधकांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या एड्समुळे पोरक्या झालेल्या मुलांच्या संदर्भात हाच इशारा दिला होता. स्वयंसेवक येतो, जीव लावतो आणि जातो. मग दुसरा येतो. मुलाच्या वाट्याला दर महिन्याला एक ताटातूट येते. रुमेनियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात १३६ बालकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. निम्म्या मुलांना पालक-कुटुंबात ठेवलं होतं, उरलेल्यांची संस्थेतली काळजी चालू राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, भावनिक वाढ जास्त सुधारली, आणि वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना त्याचा सर्वांत जास्त लाभ झाला. मुलाच्या मेंदूला रोज तोच चेहरा लागतो.

आणखी एक धोका उघड बोलायलाच हवा. ओळखपाळख न तपासता ज्या दारातून कुणीही आत येऊ शकतो, त्या दारातून मुलांचे लचके तोडणारेही येतात. नेपाळमध्ये २०१८ साली एका नामवंत परदेशी मदतकार्यकर्त्याला बाललैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

जग हळूहळू जागं झालं. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल आधुनिक गुलामगिरी म्हणून घेतली, आणि २०१८ मध्ये तिथे गुलामगिरीविरोधी कायदा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रम-पर्यटन रोखण्याचं आवाहन केलं. काही मोठ्या प्रवासी कंपन्यांनी आपल्या यादीतून अनाथाश्रम काढून टाकले.

कोटणिसांची कसोटी

मग परदेशी मदतीला जाऊच नये का? जावं. मराठी माणसाला तर याचं फार चांगलं उदाहरण माहीत आहे. १९३८ मध्ये चीनचे सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर आणि औषधं मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने कोटणिसांची कहाणी घरोघरी पोचवली. पण त्यांचं मोठेपण हौतात्म्याच्या पलीकडे, साध्या गोष्टींत आहे. त्यांना बोलावलं गेलं होतं. त्यांच्या हाताला शल्यक्रियेचं कसब होतं. ते चिनी भाषा शिकले. आणि ते राहिले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले.

आज परदेशी मुलांसाठी काम करू इच्छिणाऱ्याने स्वतःला हीच कसोटी लावावी. मला तिथे कुणी बोलावलं आहे का? स्थानिक माणसाला येत नाही असं मला काय येतं? मी गेल्यावर ते काम कोण पुढे नेणार? ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ असो की संयुक्त राष्ट्रांचा १९७० पासूनचा स्वयंसेवक कार्यक्रम, गंभीर संस्था आधी पात्रता आणि अनुभव पाहतात. त्यांना परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, पाण्याचे अभियंते, हिशेबनीस हवे असतात. आणि तुम्ही दिलेली सेवा बहुतेक वेळा मोठ्या माणसांच्या हातात पडते. स्थानिक शिक्षिकेला प्रशिक्षण मिळतं, दवाखान्याला पाणी मिळतं, आईला औषध मिळतं. त्यात मांडीवर मूल घेतलेला फोटो मिळत नाही, पण मूल आपल्या घरी राहतं.

ज्यांना खरोखर कुणी नाही अशी मुलं आहेतच. पण त्यांच्यासाठीही मावशी-काका, शेजारी, पालक-कुटुंब हे आधीचे पर्याय आणि संस्था शेवटचा. चांगल्या चाललेल्या बालगृहाचा निधी एका रात्रीत तोडणंही शहाणपणाचं नाही, त्याने मुलंच उघड्यावर येतात. तोच पैसा हळूहळू कुटुंबांकडे वळवणं, हा अनुभवी संस्थांचा सल्ला आहे.

हा सगळा विचार आपल्या अंगणातही लागू पडतो. मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात करण्याची प्रथा आता आपल्या शहरांत चांगलीच रुजली आहे. केक कापला जातो, तिथली मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात, आपण तासाभरात बाहेर पडतो. ज्याला स्वतःच्या जन्माची तारीख माहीत नाही, त्याच्यापुढे आपण दर आठवड्याला नव्या मुलाचा वाढदिवस मांडतो. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या किंवा संकटात सापडलेल्या कुटुंबातल्या मुलाला घरीच राहता यावं म्हणून सरकार दरमहा २,२५० रुपये देतं. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, पतीविना मुलं वाढवणाऱ्या मावशींना ही योजना अनेकदा ठाऊकच नसते. त्यांचा अर्ज भरून देणं, कागदपत्रांसाठी त्यांच्यासोबत दोन खेपा मारणं, हेही स्वयंसेवकाचंच काम आहे.

आणि तरीही कुणाची बॅग भरून झालीच असेल, तर निघण्यापूर्वी संस्थेला एक प्रश्न विचारा: या मुलांचे आईवडील कुठे आहेत? ‘नाहीत’ असं उत्तर आलं, तर दाखला मागू नका, दाखले तयार करता येतात. त्यांच्या गावी जाऊन कुणी पाहून आलं आहे का, एवढं विचारा.