एक जानेवारीने वाचवलं!

कोड तोच, माणसं तीच, मशीन तेच. तरी सॉफ्टवेअरची फाइल दर वेळी वेगळी का निघते? हरसूलच्या ओट्यावर सापडलेल्या उत्तराची ही गोष्ट.

शुक्रवारी संध्याकाळी नाशिकहून हरसूलला निघालो, तेव्हा डोकं पार आउट होतं. दुपारच्या मीटिंगमध्ये क्लायंटच्या ऑडिटरने बॉम्बच टाकला होता. आम्ही ऑक्टोबरमध्ये दिलेलं सॉफ्टवेअर आणि त्याच कोडवरून त्याने डिसेंबरमध्ये स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर, दोन्हींचा हॅश जुळत नव्हता. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा वेगळा.

"म्हणजे दाखवलेला कोड एक आणि दिलेला माल दुसरा?" त्याने शांतपणे विचारलं.

ऑक्टोबरची ती फाइल आमच्या टीममधल्या ज्युनिअर मुलीने तिच्या मशीनवर बनवली होती. नोकरीला लागून तिला जेमतेम सहा महिने झालेले. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. रात्री तिचा मेसेज आला, "सर, मी खरंच काही केलं नाहीये." मला ते माहीत होतं. पण 'माहीत आहे' हा काही पुरावा नसतो, बॉस!

लाइट गेली आणि...

घरी माझा जुना लॅपटॉप घेऊन बसलो. त्याची मेन बॅटरी कधीच खलास झालेली, त्यामुळे तो फक्त वायरवर चालतो. एकदा बिल्ड केलं. म्हणजे आपण लिहिलेल्या कोडवरून मशीनला चालवता येईल अशी फाइल तयार केली. तेवढ्यात लाइट गेली. हरसूलला हे नवीन नाही. तासाभराने आली. लॅपटॉप सुरू करून पुन्हा बिल्ड केलं, तर हॅश वेगळा! वर एक टेस्टही फेल: 'सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही.'

अजून लागू नाही? कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं. तारीख १ जानेवारी, तीही कैक वर्षांपूर्वीची. मदरबोर्डवरचा बटण सेलही मेला होता आणि नेट नसल्यामुळे घड्याळ दुरुस्त व्हायला मार्गच नव्हता. एकाच मशीनवर, एकाच कोडमधून, तासाभराच्या अंतराने दोन वेगळ्या फाइल निघाल्या होत्या. बदलली होती फक्त तारीख.

सकाळी बाबांना सांगायचा प्रयत्न केला. ते उठले, पेटीतून एकाच गटाचे दोन सातबारे काढले आणि समोर ठेवले. बँकेने ताजा उतारा मागितला म्हणून दुसऱ्यांदा काढलेला. "यावर छापल्याची तारीख ही, त्यावर ती. जमीन तीच ना?"

अगदी हेच! फरक एवढाच, की सातबाऱ्यावरची तारीख डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअरमधली आत कुठेतरी दडून बसलेली असते.

तारीख लपते कुठे?

मोबाइलला रेंज आल्यावर दोन्ही फाइल 'डिफोस्कोप'मध्ये टाकल्या. डेबियनच्या मंडळींनी बनवलेलं हे फुकट टूल दोन फाइल थर उकलत उकलत तपासतं आणि नेमका फरक दाखवतं. तीन चोर सापडले.

पहिला, 'अबाउट' स्क्रीनवरची 'अमुक दिवशी बनवले' ही ओळ. आम्हीच कौतुकाने टाकलेली! सी भाषेत तर आजची तारीख आणि वेळ आपोआप चिकटवण्याची सोयच आहे.

दुसरा, झिप. आतल्या प्रत्येक फाइलसोबत ती शेवटची कधी बदलली याची वेळ झिप जपून ठेवते.

तिसरा चोर मात्र भारी निघाला. मराठी फाँट! आम्ही 'लोहित' वापरतो. २००४ मध्ये रेड हॅटने खुला केलेला आणि पुढे त्यांच्या पुण्याच्या टीमने वाढवलेला. आमच्या बिल्डमध्ये तो 'फाँटफोर्ज' वापरून दर वेळी नव्याने तयार होतो. प्रत्येक ट्रूटाइप फाँटच्या पोटात 'तयार केल्याची' आणि 'बदलल्याची' वेळ असते, आणि ती मोजतात १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत. अक्षराची वेलांटीही हलली नव्हती, पण सेकंद हलले होते.

हे फक्त आमचं दुखणं नाही

२०२० मध्ये अमेरिकेतलं सोलरविंड्स प्रकरण गाजलं. तिथे हल्लेखोरांनी घुसखोरी केली ती थेट बिल्डच्या टप्प्यात. मूळ कोड वाचून काहीच सापडलं नसतं, आणि बाधित अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेलं. म्हणून 'कोणीही, कधीही बनवा, फाइल हुबेहूब तीच यायला हवी' हा आग्रह. त्याला म्हणतात रिप्रोड्युसिबल बिल्ड. बिटकॉइन आणि टॉर ब्राउझरवाल्यांनी ही वाट आधी धरली, डेबियनमध्ये २०१३ पासून हे काम जोरात सुरू झालं.

तारखेवरचा त्यांचा उपाय अगदी साधा आहे. २०१५ मध्ये 'सोर्स डेट एपॉक' नावाचा एक संकेत ठरला. बिल्ड करताना घड्याळाला विचारायचंच नाही. कोडमध्ये शेवटचा बदल कधी झाला ती वेळ द्यायची, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. (ही शून्य वेळ ग्रीनिचची मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच!) जीसीसी कंपायलर २०१७ च्या सातव्या आवृत्तीपासून हा संकेत पाळतो. फाँटफोर्जच्या नव्या आवृत्त्याही पाळतात.

तपासणीची आयडियाही भन्नाट. डेबियनच्या चाचण्यांमध्ये दुसरं बिल्ड करताना घड्याळ ३९८ दिवस पुढे ढकलतात, म्हणजे दिवस, महिना, वर्ष सगळंच बदलतं. ओपनसुझेवाले तर पंधरा-सोळा वर्षं पुढे जाऊन बघतात. त्यातून 'मुदत संपल्यावर' मोडणारी बिल्ड्स आजच पकडता येतात.

सोमवारी काय झालं?

खरं सांगतो, ऑक्टोबरची फाइल तंतोतंत पुन्हा काही बनवता आली नाही. ते सेकंद गेले ते गेलेच. पण ती आणि ऑडिटरची फाइल डिफोस्कोपमध्ये शेजारी शेजारी ठेवली. फरक निघाले ते सगळे त्याच तीन जागी, सगळे तारखांचे. प्रोग्रामची एकही सूचना वेगळी नव्हती. त्यानंतर दुरुस्त केलेला कोड ऑडिटरला दिला आणि म्हटलं, "घड्याळ हवं तिथे लावा." त्याने वर्षभर पुढे लावलं, मग दोन वर्षं मागे. दोन्ही वेळा हॅश तोच!

हॅश जुळला म्हणजे कोड चांगला, असं मात्र नाही. वाईट कोडही हुबेहूब बनतो. जुळणीतून एवढंच कळतं, की दाखवलं तेच दिलं.

आमच्या ज्युनिअरला तेवढंच हवं होतं. तिने ऑडिटरकडे बघून फक्त "थँक यू" म्हटलं आणि जागेवर जाऊन बसली. आता रिलीजची फाइल दोन वेगळ्या मशीनवर दोघं जण बनवतात. कोणा एकावर नजरा वळायला नकोत.

बटण सेल? तो अजून बदललेला नाही. टेस्टिंगला बरा पडतो!

तुमच्या टीममध्ये करून बघा

• एकच कोड दोनदा बिल्ड करा, दुसऱ्यांदा घड्याळ ३९८ दिवस पुढे लावून. हॅश जुळतो का?
• 'अमुक दिवशी बनवले'ऐवजी आवृत्तीचा नंबर छापा.
• सोर्स डेट एपॉकला शेवटच्या कमिटची वेळ द्या.
• झिपमधल्या फाइलींची वेळ आणि क्रम ठरवून टाका.
• टेस्टमधल्या सर्टिफिकेटसाठी टेस्टच्या आतच ठरावीक तारीख धरा.