शिकागोचा भाव, दुबईचं अंडं, येवल्याचा मका

मार्च २०२३मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या अर्थ मंत्रालयाने अंडी आणि कोंबडीच्या किमती जास्तीत जास्त १३ टक्क्यांपर्यंत वाढवायला तात्पुरती परवानगी दिली. ज्या देशात जगभरचा माल येऊन पडतो आणि सोन्यापासून सदनिकांपर्यंत सगळ्याचा खुला व्यापार चालतो, तिथे अंड्याचा भाव वाढवायला मात्र सरकारला विचारावं लागतं. खाद्यतेल, तांदूळ, साखर, डाळी, दूध, पाव, गहू, कोंबडी आणि अंडी या नऊ वस्तूंच्या बाबतीत अमिरातीचं धोरण असंच आहे. कुक्कुटपालन कंपन्यांनी परवानगी मागताना कारण दिलं होतं ते खाद्य आणि वाहतूक महागल्याचं. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक वाटा मक्याचा असतो, आणि अमिरातीत दाण्याचा मका जवळजवळ पिकतच नाही.

पिकणार तरी कसा? तिथे वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. मक्याला एका हंगामात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाणी लागतं. समुद्राचं पाणी गोडं करून मका पिकवायचा म्हटलं तर तो मका सोनाराच्या दुकानात विकावा लागेल. म्हणून अमिरात मका विकत घेते. पण तिने नुसतं गिऱ्हाईक राहायचं नाही असं ठरवलं आणि त्यासाठी पंधराएक वर्षं पद्धतशीर पावलं टाकली. पावसाच्या भरवशावर मका पिकवणाऱ्या महाराष्ट्राने हे बारकाईने पाहण्यासारखं आहे.

आधी भाव ठरतो कुठे ते पाहू. मक्याचा जागतिक भाव म्हणजे शिकागोच्या वायदेबाजाराचा भाव. हा बाजार १८४८मध्ये सुरू झाला. तिथे आजही मका बुशेलमध्ये मोजतात. एक बुशेल म्हणजे मक्याचे ५६ पौंड, साधारण २५.४ किलो. टनाला ३९.३७ बुशेल. बुशेलला चार डॉलर भाव असेल तर टनाला सुमारे १५७ डॉलर, आठ डॉलर असेल तर ३१५. गेल्या पंधरा वर्षांत भाव साधारण तीन आणि आठ डॉलर या टोकांमध्ये हेलकावत राहिला आहे. २०१२च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मका पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला आणि ऑगस्टमध्ये भावाने आठ डॉलरच्या वर जाऊन उच्चांक गाठला. एप्रिल २०२२मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे तो पुन्हा आठच्या वर गेला. ऑगस्ट २०२४मध्ये भरघोस पिकाच्या अंदाजाने चारच्या खाली आला.

या हेलकाव्यांमागे पाऊस आणि युद्ध आहे, तसं सरकारही आहे. अमेरिकेने २००५ आणि २००७च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणं बंधनकारक केलं. आज तिथल्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. जानेवारी २००७मध्ये मेक्सिकोत टोर्टियाच्या भाववाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्याच्या कारणांत अमेरिकी मोटारींची ही नवी भूकही होती.

दुसरी उलथापालथ ब्राझीलची. माटो ग्रोसो प्रांतात सोयाबीन निघालं की त्याच रानात लगोलग मका पेरतात. या दुसऱ्या पिकाच्या जोरावर ब्राझीलने २०२३मध्ये मक्याच्या निर्यातीत अमेरिकेला मागे टाकलं. त्याआधी, २०२२च्या अखेरीस, चीनने ब्राझीलचा मका घ्यायला सुरुवात केली होती. अमेरिकी शेतकऱ्याच्या चिंतेचं मूळ इथे आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी एकशे चाळीस कोटींचा भारत आमचा एक बुशेलही मका का घेत नाही, अशी जाहीर तक्रार केली, ती याच चिंतेतून. भारत तो घेत नाही कारण तिथला बहुतेक मका जनुकबदल केलेला आहे आणि आपल्याकडे आयातशुल्कही जबर आहे.

आता आखाताकडे. तिथला सर्वांत मोठा मक्याचा ग्राहक अमिरात नव्हे, इराण. ब्राझीलच्या मक्याच्या बड्या खरेदीदारांत त्याचं नाव वर्षानुवर्षं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांनी लाल समुद्रात ‘स्टार आयरिस’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्रं डागली. त्या जहाजात ब्राझीलचा मका होता आणि ते निघालं होतं इराणच्या बंदर इमाम खोमेनीला! इराणच्याच पाठबळावर लढणाऱ्यांनी इराणच्या कोंबड्यांच्या खाद्यावरच मारा केला. धान्याच्या जहाजाला मित्र-शत्रू कळत नाहीत आणि क्षेपणास्त्र सोडणाऱ्यालाही जहाजाच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. विमा कंपनीला एवढंच कळतं की या पाण्यात धोका वाढला. मग हप्ता वाढतो आणि तो पुढच्या प्रत्येक टनावर चढतो.

अमिरातीची गरज इराण-सौदीच्या मानाने लहान. पण तिचा मका फक्त दाण्याच्या रूपात येत नाही, हे विसरून चालणार नाही. ब्रॉयलर कोंबडीचं वजन किलोभर वाढायला साधारण दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागतं. त्यातला मका धरला तर एक किलो कोंबडीमागे एक किलो मका. अमिरात ही ब्राझीलच्या कोंबडीची जगातली एक मोठी बाजारपेठ आहे. ‘सादिया’ नावाची खोकी दुबईच्या कुठल्याही सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये दिसतात. ती बनवणाऱ्या ब्राझिली कंपनीने २०१४मध्ये अबू धाबीच्या औद्योगिक क्षेत्रात स्वतःचा प्रक्रिया कारखानाही उघडला. म्हणजे माटो ग्रोसोचा मका ब्राझीलमध्येच कोंबडीला घालून, कोंबडी गोठवून पाठवायची. पाणी, जमीन, खाद्य सगळं तिकडचं, आणि वाहतुकीत वजनही कमी. मका आयातीच्या आकड्यांत ही कोंबडी मोजली जात नाही. मला विचाराल तर आखाताचा मका-हिशेब या कोंबडीशिवाय मांडणं म्हणजे अर्धाच हिशेब.

अमिरातीची झोप उडाली ती २००७-०८च्या अन्नसंकटात. तेलाचा पैसा मुबलक होता, पण भारतासह अनेक देशांनी तांदूळ-गव्हाची निर्यात बंद केली आणि पैसा देऊनही माल मिळेना. तिथून अबू धाबीचं लक्ष परदेशातल्या जमिनींकडे वळलं. १९९५मध्ये स्थापन झालेली अबू धाबीची अल दहरा ही कंपनी या खेळातला मोठा खेळाडू. २०१८मध्ये तिने रोमानियात ब्राइला शहराजवळची अ‍ॅग्रिकॉस्ट ही शेती कंपनी घेतली. तिची शेती डॅन्यूब नदीच्या फाट्यांमधल्या एका बेटावर आहे. साम्यवादी राजवटीत बांध घालून दलदल आटवली गेली आणि शेती उभी राहिली. एकसलग सुमारे ५६ हजार हेक्टर, म्हणजे जवळपास एक लाख चाळीस हजार एकर. मका हे तिथलं एक मुख्य पीक. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन २०१५-१६च्या कृषी गणनेप्रमाणे १.३४ हेक्टर आहे. तुलना अन्यायाची आहे, पण दोघांचाही मका बाजारात त्याच शिकागोच्या भावाच्या सावलीत उभा राहतो.

जमीन घेणं हा तसा जुना मार्ग. पुढचं पाऊल जास्त हुशारीचं. जगाच्या धान्यव्यापारावर चार कंपन्यांची पकड आहे: एडीएम, बुंगे, कारगिल आणि लुई ड्रेफस. शेवटची १८५१ची, फ्रान्सच्या अल्सास भागात सुरू झालेली, पिढ्यानपिढ्या घराण्याच्या मालकीची. नोव्हेंबर २०२०मध्ये अबू धाबी सरकारच्या एडीक्यू या गुंतवणूक कंपनीने लुई ड्रेफसमध्ये ४५ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं आणि सप्टेंबर २०२१मध्ये व्यवहार पुरा केला. त्यासोबत अमिरातीला धान्य पुरवण्याचा करारही झाला. त्याच २०२०मध्ये एडीक्यूने अल दहरातही निम्मा हिस्सा घेतला. भाव चढला की ग्राहक म्हणून अबू धाबीला जास्त मोजावं लागतं हे खरं. पण धान्यव्यापाऱ्याची कमाई चढउताराच्या काळातच फुगते, आणि आता त्या कमाईत अबू धाबीचाही वाटा आहे.

तिसरी बाजू साठवणुकीची. दुबई आणि अबू धाबी दोन्ही होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत. तिथे तणाव वाढला की जहाजवाले दर वाढवतात. फुजैरा मात्र बाहेर, ओमानच्या आखातावर. २०१२मध्ये हबशान ते फुजैरा तेलवाहिनी सुरू झाली ती सामुद्रधुनी टाळून तेल बाहेर काढण्यासाठी. त्याच फुजैरात अल दहराने सुमारे तीन लाख टन क्षमतेचे धान्याचे सायलो उभे केले. तेल बाहेर जायला जो किनारा, तोच धान्य आत यायला. २०१८मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा धोरण आलं आणि २०२०मध्ये अन्नधान्याच्या राखीव साठ्याचा संघराज्य कायदाही झाला.

यात एक कच्चा दुवा आहे. रोमानियाचा मका आखातात यायचा तर बॉस्फरस, सुएझ आणि बाब-अल-मंदेब ओलांडावी लागते. नोव्हेंबर २०२३पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा हीच वाट धोक्यात आली. बाहेर जमीन घेतली म्हणजे अन्न सुरक्षित झालं असं नाही. मधला रस्ता कुणाच्याच नावावर नसतो.

एक सोय मात्र अमिरातीकडे आहे जी आपल्याकडे नाही. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे तिथल्या खाद्य कारखानदाराला शिकागोचा भाव पाहून उद्याचा खर्च काढता येतो. चलनाची वेगळी धास्ती नाही. आपल्याकडे शिकागो आणि रुपया हे दोन्ही एकदम हलतात.

हे गणित येवल्याच्या किंवा सिल्लोडच्या शेतकऱ्याच्या नजरेने करून पाहिलं की गेल्या पाच वर्षांचं कोडं सुटतं. एप्रिल २०२२मध्ये शिकागोत आठ डॉलर आणि रुपया डॉलरला साडेशहात्तरच्या आसपास होता. म्हणजे क्विंटलला सुमारे दोन हजार चारशे रुपये, वाहतूक वेगळी. २०२१-२२ला आपला हमीभाव होता १८७० रुपये. साहजिकच भारताचा मका परदेशात स्वस्त ठरला आणि त्या वर्षी पस्तीस लाख टनांहून अधिक मका बांगलादेश, व्हिएतनाम, नेपाळकडे गेला. आता ऑगस्ट २०२४ घ्या. शिकागो चार डॉलर धरलं आणि रुपया ८४, तरी क्विंटलला साधारण १३२० रुपयेच पडतात. हमीभाव २२२५. त्या भावात आपला मका बंदरावर नेऊन कोण विकेल?

शिवाय तोवर देशातच नवं गिऱ्हाईक उभं राहिलं होतं. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि त्यानंतर मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर मिळू लागला. टनभर मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे क्विंटलमागे दोन हजार सातशेच्या वर उत्पन्न, आणि उरलेला चोथा जनावरांच्या खाद्याला विकता येतो तो वेगळाच. कारखाने मका खेचू लागले, पोल्ट्रीवाले आयातीची परवानगी मागू लागले, आणि वर्षानुवर्षं निर्यात करणाऱ्या भारताने २०२४मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणला. त्या चोथ्याने पुढे सोयापेंडीची जागा घेतली आणि लातूरच्या सोयाबीनचे भाव दबले, ही त्यातली आणखी एक गंमत. शेतकऱ्यांना अर्थातच ती गंमत वाटली नाही.

पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी मका वाढवला. देशाचं उत्पादन चार कोटी टनांच्या वर गेलं. हमीभाव २४०० रुपये झाला आणि २०२५च्या दिवाळीच्या सुमारास बाजार समित्यांमध्ये मका त्याच्या कितीतरी खाली विकला जात होता. परतीच्या पावसाने भिजलेलं कणीस, मळणी झाल्या झाल्या ट्रॉलीत भरलेला दाणा, वीस-पंचवीस टक्के ओलावा. व्यापाऱ्याला हवा असतो चौदा टक्क्यांचा. उरलेला फरक भावातून कापला जातो, आणि कापणाऱ्याचं मोजमाप बहुतेक वेळा मूठभर दाणे हातात घेऊनच होतं.

मग या सगळ्यात लासलगाव आणि दुबई यांचं नातं काय? कांद्याचं नातं जुनं आहे. डिसेंबर २०२३मध्ये भारताने कांदा निर्यात बंद केली, तरी मार्च २०२४मध्ये अमिरातीसाठी १४,४०० टनांची खास वाट मोकळी करून दिली गेली. फेब्रुवारी २०२२मध्ये झालेला भारत-अमिरात आर्थिक भागीदारी करार त्याच वर्षी १ मेपासून लागू आहे. जुलै २०२२मध्ये भारतात फूड पार्क उभारायला अमिरात दोन अब्ज डॉलर देईल अशी घोषणाही झाली. मक्याच्या बाबतीत या साऱ्याचा आपल्याला आज फारसा उपयोग नाही, कारण भावाचं गणित जुळत नाही. ते पुन्हा जुळेल, शिकागोत भाव चढतील तेव्हा. युद्ध, दुष्काळ किंवा दोन्ही यायला फार वर्षं लागत नाहीत. आणि त्या वेळी माल कोरडा, बुरशी न लागलेला आणि साठवलेला असेल त्याचाच सौदा होईल. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दाण्यात सापडलं तर कोणताही खाद्य कारखाना तो मका घेणार नाही.

अमिरातीचा जमीनखरेदीचा मार्ग आपला नव्हे, आणि तो आपल्या शेतकऱ्याने मागूही नये. साठवणुकीचा धडा मात्र उचलण्यासारखा आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०पासून आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. मका त्या यादीत आहे. पण ओला मका गोदामात ठेवताच येत नाही, त्यामुळे ज्या आठवड्यात भाव सर्वांत पडलेले असतात, त्याच आठवड्यात माल विकावा लागतो. म्हणून मागणी साधी आहे: मक्याची आवक होणाऱ्या प्रत्येक बाजार समितीत दाणे वाळवण्याचं यंत्र आणि ओलावा मोजणारं मीटर शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर बसवा. पुढच्या निवडणुकीत समितीच्या संचालकपदाला उभा राहणारा मत मागायला दारात आला, की पहिला प्रश्न हाच विचारा.