एका किलोला पन्नास

वाशीमच्या एकबुर्जी धरणावर पहाटे चित्र काढायला बसणाऱ्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांबद्दल ऐकलं होतं: हे गृहस्थ रंगाचं पाणी धरणात ओतत नाहीत, घरी परत नेतात. तेवढ्यासाठी मी गेलो. धरणाचं पाणी वाशीम शहर पितं.

मांडीवर फळी, तिच्यावर चिकटपट्टीने ताणलेला कागद. पेटीत पांढरा रंग नाहीच. पाण्यावरची चकाकी म्हणजे कोरा सोडलेला कागद. "कागद कापसाचा, रंगातला डिंक बाभळीच्या जातीचा. पण हा पिवळा कॅडमियमचा, निळा कोबाल्टचा. ते धातू धरणात कायले सोडायचे?" ब्रश धुतलेलं पाणी झाकणाच्या डब्यात गेलं.

आकाश रंगवताना मात्र त्यांची घाई झाली. ओल्या कागदावर ओला रंग एका दमात फिरवायचा, पण ब्रश मध्येच कोरडा पडला. पुन्हा बुडवेपर्यंत एक कड वाळून बसली. मी हळहळलो. सरांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला दुसरा ब्रश काढला. उमेदीच्या दिवसांत घेतलेला, भरपूर पाणी धरणारा, टोकाला सुईसारखा.

"यानं कड आली नसती. पण हा मुंगसाच्या केसाचा आहे. एका किलो केसाले पन्नास मुंगसं मारतात, भाऊ."

पन्नास. लहानपणी वाटेत मुंगूस दिसलं की त्याने तोंड दाखवावं म्हणून आम्ही त्याला शपथा घालायचो; तोंड दिसलं की दिवस चांगला जायचा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याखाली मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार, दोन्ही गुन्हे आहेत. तरीही छापे पडतात आणि ब्रशांचे गठ्ठे सापडतात.

तो ब्रश सरांनी कितीतरी वर्षांत पाण्यात बुडवलेला नाही. चित्र पाहायला कुणी थांबलं की फक्त दाखवतात. काम नायलॉनच्या ब्रशानेच, आणि आकाशातली ती कड त्यांनी तशीच ठेवली. मला ते चित्र त्या कडेसकट आवडलं.

मुलांसाठी ब्रश घेताना केस नीट पाहा. टोक गडद, मध्ये फिकट पट्टा, मुळाशी पुन्हा गडद असेल, तर दुकानदाराला विचारा कशाचे केस आहेत. मुंगसाचे म्हणाला, तर घेऊ नका. एका किलोला पन्नास, हेही त्याला सांगा.