बँक त्यांची, सार्क आपली
आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक, म्हणजे एआयआयबी, जानेवारी २०२६मध्ये दहा वर्षांची झाली. पहिले अध्यक्ष जिन लिचुन पायउतार झाले. रायपूरच्या शंकर नगरात बसून हे दशक आठवताना मला चीनचा हेवा वाटतो आणि आपला राग येतो.

चीनची गटबांधणी त्याआधीची. १९९६चा 'शांघाय पाच' गट, २००१ची शांघाय सहकार्य संघटना हा मध्य आशियाच्या सीमांचा मामला होता. तेव्हा आपण त्यात नव्हतो. २००९ मात्र जिव्हारी लागले. आशियाई विकास बँकेच्या भारतविषयक आराखड्यात अरुणाचलातला एक प्रकल्प होता, एवढ्यावरून चीनने आराखडाच अडवला.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत चीनसारख्या देशांचा वाटा वाढवणाऱ्या २०१०च्या सुधारणा अमेरिकी काँग्रेसने २०१५ संपेपर्यंत रखडवल्या. चीन थांबला नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये बीजिंगमध्ये २१ देशांनी नव्या बँकेच्या करारावर सह्या केल्या, भारतानेही. अमेरिकेची नाराजी असूनही ब्रिटन आत गेला. भांडवल १०० अब्ज डॉलर. मोठ्या निर्णयांना तीन चतुर्थांश मते लागतात आणि एकट्या चीनकडे पाव हिश्शाहून जास्त आहेत.

आपण तिथले दुसरे मोठे भागधारक आणि सर्वांत मोठे कर्जदार. जून २०१८ची वार्षिक सभा मुंबईत झाली. १५ जून २०२०ला गलवानमध्ये चिनी सैन्याशी झटापटीत आपले २० जवान धारातीर्थी पडले. २४ ऑगस्टला मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी याच बँकेशी ५० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. मुंबईकराला लोकल हवी, कर्जाला माझी हरकत नाही. पण तेवढ्या वर्षांत आपण काय उभारले?

बीजिंगच्या सह्यांनंतर महिनाभराने काठमांडूत सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद झाली. ती शेवटची. उरीच्या हल्ल्यानंतर इस्लामाबादची परिषद बारगळली, तेही योग्यच होते. पण पाकिस्तानवरच्या रागापायी नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव यांचीही बैठक का मोडावी? बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचे बिमस्टेक १९९७चे, त्याची सनद मंजूर व्हायला २०२२ उजाडले. २०१९मध्ये चीनचाही समावेश असलेल्या आरसेप या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून आपण बाहेर पडलो. रायपूरजवळच्या उरला-सिलतऱ्याच्या पोलाद कारखानदारांना हायसे वाटले, आणि ते रास्त होते. तरी २०२४-२५मध्ये चीनशी व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. जून २०२५मध्ये कुनमिंगला चीन, पाकिस्तान आणि बांगलादेश एकत्र बसले. शेजार आपला, बैठक त्यांची.

वीज, रेल्वे आणि पूरनियंत्रण या कामांसाठी दिल्लीने शेजाऱ्यांची बँक काढावी. जे देश येतील त्यांना घेऊन काढावी, पहिले भांडवल आपण घालावे आणि कार्यालय काठमांडू किंवा कोलंबोला द्यावे.