पुस्तक मिटा, मग आकृती काढा

पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने लंडनच्या उलट दिशेला निघालं की चॅल्फॉन्ट अँड लॅटिमरला एक फाटा फुटतो आणि त्यावरचं एकमेव स्टेशन येतं चेशम. या दोन स्टेशनांतलं अंतर सहा किलोमीटरहून अधिक आहे. अख्ख्या ट्यूबमध्ये लागोपाठच्या दोन स्टेशनांत एवढं अंतर दुसरीकडे नाही. मध्य लंडनमधल्या लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डनमध्ये मात्र तीनशे मीटरही नाहीत. डब्यात लावलेला नकाशा पाहून हा वीसपटीचा फरक कुणाच्या लक्षात यायचा नाही. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये तो आखला. अधिकाऱ्यांनी आधी नाकारला, पण १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती पडला आणि तिथेच राहिला. बेकने अंतरं टाकली, खऱ्या दिशा टाकल्या. ठेवल्या दोनच गोष्टी: कोणत्या स्टेशनानंतर कोणतं, आणि गाडी कुठे बदलायची.

शाळेत ज्याला ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात, तो याच जातीचा. वेन आकृती, ओघतक्ता, काळरेषा, तुलनेचा तक्ता, संकल्पना-नकाशा, माइंड मॅप: प्रत्येकात बरंच काही टाकून एकाच प्रकारचं नातं ठेवलेलं असतं. याचा उपयोग का होतो, हे जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८७ मध्ये नेमकं मांडलं. मजकुरात एकमेकांशी संबंध असलेल्या दोन गोष्टी दहा ओळी लांब असू शकतात. आकृतीत त्या शेजारी येतात, आणि शोधण्याचं काम डोळा परस्पर उरकतो. मात्र आकृती हजारो शब्दांच्या तोडीची का, असं विचारणाऱ्या त्यांच्या शीर्षकात ‘कधी कधी’ हा शब्द कंसात होता. हा लेख त्या कंसाबद्दल आहे.

ईस्टरच्या सुट्टीत जीसीएसईच्या मुलांच्या खोल्यांत डोकावलं तर भिंती रंगलेल्या दिसतात. मध्ये ‘पेशी’, तिच्याभोवती सहा रंगांच्या फांद्या, टोकाला गोंडस मायटोकाँड्रिया. एका तक्त्यावर अख्खी दुपार गेलेली असते. आईबाबा खूश, मूलही खूश. यातलं किती डोक्यात गेलं?

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेफ्री कार्पिकी आणि जनेल ब्लंट यांनी हाच प्रश्न तपासला. निष्कर्ष २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. विद्यार्थ्यांना विज्ञानातला एक उतारा दिला. एका गटाने तो एकदाच वाचला, दुसऱ्याने पुनःपुन्हा. तिसऱ्याने उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढला. चौथ्याने उतारा बाजूला ठेवला, आठवेल ते लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या गटाला वेळ सारखाच होता. आठवड्याने परीक्षा घेतली, तर चौथा गट सरस ठरला, आणि तोही केवळ घोकलेल्या उत्तरांत नव्हे, तर दोन गोष्टी जोडून अनुमान काढायच्या प्रश्नांतही. पुढच्या प्रयोगात काही जणांना परीक्षा म्हणूनच संकल्पना-नकाशा काढायला सांगितला. तिथेही ज्यांनी आठवून लिहिण्याचा सराव केला होता, त्यांचेच नकाशे चांगले निघाले!

मला सर्वांत बोलका वाटतो तो विद्यार्थ्यांचा अंदाज. आपल्याला किती आठवेल असं आधी विचारलं, तेव्हा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनी सर्वांत जास्त सांगितलं आणि आठवून लिहिणाऱ्यांनी सर्वांत कमी. आठवताना अडखळायला होतं, म्हणून आपल्याला येत नाही असं वाटतं. रंगवताना काहीच अडत नाही.

यावरून आकृत्या निरुपयोगी ठरवण्याची घाई नको. त्याच दोघांनी २०१४ मध्ये पुढची पायरी तपासली: उतारा काढून घेतला आणि नकाशा आठवून काढायला लावला. फायदा आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच झाला. म्हणजे दोष नकाशाचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता.

महाराष्ट्रात दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘आकृती पूर्ण करा’, ‘ओघतक्ता तयार करा’ अशा कृती असतात. भारतातल्या भाचरांची कृतिपत्रिका पाहिलीत तर दिसेल की उतारा वरच छापलेला असतो. त्यातले शब्द उचलून चौकटीत ठेवायचे. आकलन तपासायला ते ठीकच आहे. पण इतिहास-विज्ञानाचा अभ्यासही याच सवयीने केला, तर चौकटी भरतात आणि डोकं मोकळंच राहतं.

घरी करायचं ते साधं आहे. धडा वाचून पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर पेन्सिलने आकृती काढायची, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. तो दुसरा रंग म्हणजे उद्याचा अभ्यास. रंगपेटीचा एवढाच उपयोग मला पटतो. आणि प्रत्येक बाणावर क्रियापद लिहायचं. संकल्पना-नकाशाचा जनक, कॉर्नेल विद्यापीठातला जोसेफ नोव्हाक, याचा आग्रह हाच होता: जोडणाऱ्या शब्दाशिवाय रेघ नको. ‘हरितद्रव्य’ आणि ‘प्रकाश’ यांमध्ये नुसती रेघ कुणीही मारेल. ‘शोषून घेतं’ की ‘तयार करतं’, हे लिहायची वेळ आली की खरं काय ते कळतं.

याच्या सरावासाठी पिनरकरांना लांब जायला नको. मेमोरियल पार्कमध्ये २०१६ पासून हीथ रॉबिन्सन म्युझियम आहे. दोऱ्या, कप्प्या आणि गाठी यांची अचाट यंत्रं काढणारा हा चित्रकार काही वर्षं पिनरमध्येच राहत होता. त्याच्या एखाद्या चित्रासमोर मुलाला उभं करा आणि शेवटाकडून मागे यायला सांगा: हे कशामुळे हललं, ते कशामुळे सुटलं? कार्यकारणाचा ओघतक्ता याहून मजेशीर कुठे मिळेल!

मराठी शिकवताना तर आपल्याकडे जुना, अव्वल दर्जाचा ऑर्गनायझर आयताच आहे. वर्णमालेतली क ते म ही पंचवीस अक्षरं पाच बाय पाचच्या तक्त्यात बसतात. आडव्या ओळी उच्चाराच्या जागेच्या: कंठापासून टाळू, मूर्धा आणि दातांवरून ओठांपर्यंत, आतून बाहेर. उभे रकाने उच्चाराच्या रीतीचे. गळ्यावर बोट ठेवून क आणि ग म्हणा. ग ला गळा थरथरतो. तोंडासमोर तळवा धरून क आणि ख म्हणा. ख ला हवेचा झोत लागतो. शेवटच्या रकान्यात हवा नाकातून जाते. आपण हे पाठ केलं, पण रकान्यांचा अर्थ आपल्यापैकी किती जणांना कुणी सांगितला?

इथे वाढलेल्या मुलांच्या अडचणीही याच तक्त्यावर दिसतात. इंग्रजी वळणाने ‘पिनर’ म्हणताना तळव्याला झोत लागतो, मराठी ‘पान’ म्हणताना लागू नये. मूल पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याच्या मध्ये अडकलेलं असतं. ‘ताई’चा त बिघडतो, कारण इंग्रजीत जीभ दातांना टेकत नाही आणि ट इतकी मागेही वळत नाही, ती दातांच्या मुळाशी राहते. म्हणून छापील तक्ता भिंतीवर लावण्याऐवजी पंचवीस कोरी घरं द्या आणि प्रत्येक अक्षर तोंडात म्हणून, चाचपून, त्याच्या घरात बसवायला सांगा. सगळी अक्षरं आठवायची गरज नाही. प आणि भ ठाऊक असतील तर मधलं ब कुठे जाईल हे तर्काने सापडतं.

एखादी चौकस मुलगी विचारेल, ‘चंद्र’चा च इथे बसला, मग ‘चोर’चा कुठे? त्याला घरच नाही, कारण तक्ता संस्कृतचा आहे आणि हा च मराठीचा. तिला ‘कॅट्स’ म्हणायला सांगा आणि शेवटी जीभ कुठे लागते ते विचारा. दातांच्या मुळाशी, तिच्या इंग्रजी ट च्याच जागी. मग ट आणि त यांच्यामध्ये पेन्सिलने एक सहावी ओळ आखायची आणि चोराला तिथे बसवायचं.