कॅमेऱ्याचें कार्ड आणि घरचा लॅपटॉप

पुराचें पाणी घरांत शिरलें म्हणजे पहिला घाला कागदांवर पडतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत कल्याण शहर जलमय झालें, तेव्हां खालच्या खणांतील लग्नमुंजींचे आल्बम ही काय ठेव होती, हें ज्यांचे आल्बम भिजले त्यांना कळून चुकलें. आजचें कुटुंब कागदी आल्बम क्वचितच बाळगतें. त्याची जागा कॅमेऱ्यांतील एसडी कार्डानें घेतली आहे. हें कार्ड अवघें ३२ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद. परंतु ३२ गिगाबाइटच्या एका कार्डांत, प्रत्येक छायाचित्र ५ मेगाबाइटचें धरलें तर, सहा हजारांहून अधिक छायाचित्रें मावतात. या नव्या ठेवीस पाण्याइतकेंच घाईचें आणि अज्ञानाचें भय आहे. म्हणून कार्ड वाचलें जातें म्हणजे नेमकें काय होतें, हें सुशिक्षित गृहस्थानें व गृहिणीनें समजून घेणें अगत्याचें आहे.

मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. धडधाकट असूनही पुढील आवृत्तीस अपात्र ठरलेले लॅपटॉप त्यामुळें अनेकांच्या घरीं पडून राहिले. अशा यंत्रावर लिनक्स बसवून तें पुन्हां कामास लावतां येतें. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. तिची मूळ संहिता सर्वांस खुली असते. ती कोणींही वाचावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी. कार्डाच्या बाबतींत या खुलेपणाचें महत्त्व काय, हें पुढें ध्यानांत येईल.

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आहे. कोणत्याही जुन्या वाचनालयाची रचना डोळ्यांसमोर आणली म्हणजे कार्डाची रचना सहज समजते. वाचनालयांत एकीकडे पुस्तकांचीं कपाटें आणि दुसरीकडे त्यांची यादी असते. कार्डांतही तसेंच दोन भाग असतात. एका भागांत छायाचित्रें लहान लहान तुकड्यांनीं सांठविलेलीं असतात. दुसऱ्या भागांत कोणत्या छायाचित्राचा पहिला तुकडा कोठें आहे, त्यापुढचा कोठें आहे, याची नोंद असते. कार्ड लॅपटॉपच्या खांचेंत सारलें कीं लिनक्स प्रथम ही यादी वाचते आणि मग तें कार्ड एखाद्या कपाटाप्रमाणें पडद्यावर उघडून दाखविते. या क्रियेस माउंट करणें म्हणतात. त्यांत डीसीआयएम नांवाचा कप्पा दिसतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनीं एकच संकेत पाळावा असें ठरल्यामुळें हें नांव बहुतेक सर्वत्र सारखें आढळतें.

आतां प्रश्न यादीच्या लिपीचा. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांची यादी सामान्यतः फॅट३२ या पद्धतीनें लिहिलेली असते. तींत एक फाइल ४ गिगाबाइटांहून मोठी असूं शकत नाहीं; म्हणूनच लग्नाचें लांबलचक चित्रण कॅमेरा अनेक तुकड्यांत सांठवितो. ६४ गिगाबाइट व त्यापुढील कार्डांत एक्सफॅट ही पद्धत असते. ती मायक्रोसॉफ्टची. ऑगस्ट २०१९ मध्यें त्या कंपनीनें तिची नियमावली प्रसिद्ध केली, आणि मे २०२० मध्यें निघालेल्या लिनक्सच्या ५.७ या आवृत्तींत सॅमसंगनें दिलेली, ती लिपी जाणणारी आज्ञावली समाविष्ट झाली. तत्पूर्वीच्या लिनक्सवर त्यासाठीं बहुधा वेगळी आज्ञावली बसवावी लागे. तेव्हां मोठें कार्ड जुन्या लिनक्सवर उघडलें नाहीं, तर कार्ड बिघडलें असें समजण्याचें कारण नाहीं. मोडी न येणाऱ्या वाचकापुढें मोडी दफ्तर ठेवावें, तसा तो प्रकार आहे. दोष दफ्तराचा नव्हे. लिनक्स अद्ययावत् केली कीं काम होतें. कित्येकदां कार्ड रीडर जुना असतो आणि त्यास नव्या जातीचें कार्ड ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं कार्ड दुसऱ्या रीडरमध्यें घालून पाहावें.

खरा धोका याच क्षणीं असतो. कार्ड वाचतां आलें नाहीं कीं काहीं यंत्रें तें फॉर्मॅट करूं काय, असें विचारतात, आणि उतावीळ मनुष्य होय म्हणून मोकळा होतो. फॉर्मॅट करणें म्हणजे जुनी यादी टाकून कोरी यादी मांडणें. साधी फाइल पुसली तरी बहुधा यादींतील नोंदच रद्द होते. कपाटांतील पुस्तक जागेवरच राहतें आणि त्या जागीं नवें पुस्तक येईपर्यंत तें मिळण्याची आशा असते. म्हणून छायाचित्रें चुकून पुसलीं गेलीं तर त्या कार्डावर एकही नवें छायाचित्र घेऊं नये. कार्डाच्या कडेची लहान कळ लॉक या बाजूस सरकवावी, म्हणजे बहुतेक रीडर त्यावर लिहिण्यास मज्जाव करतात. नंतर फोटोरेक या मोफत व मुक्त आज्ञावलीचा उपयोग करावा. ती यादीवर विसंबत नाहीं. कपाटांतील एकेक फळी चाळून, छायाचित्राच्या आरंभीं असणारी ठराविक खूण शोधते. सांपडलेलीं चित्रें मात्र त्याच कार्डावर न ठेवतां लॅपटॉपवर उतरवावींत.

हा प्रसंगच येऊं नये यासाठीं कांहीं साधे नियम पुरेसे आहेत. कॅमेरा आपल्या छायाचित्रांस चार आंकडी क्रमांक देतो. ९९९९ नंतर तो पुन्हां ०००१ वर येतो. त्यामुळें मुंजीचें आणि बारशाचें चित्र एकाच नांवाचें असूं शकतें. दोन कार्डें एकाच कप्प्यांत उतरविलीं, तर एक चित्र दुसऱ्यास पुसून टाकील. यास्तव प्रत्येक वेळीं तारीख व प्रसंग यांच्या नांवानें नवा कप्पा करावा. नक्कल झाल्यावर फाइलींची संख्या ताडून पाहावी आणि पांचदहा चित्रें उघडून बघावींत. कार्ड उपटून काढूं नये. आधीं इजेक्ट ही आज्ञा द्यावी. लिहावयाचा कांहीं मजकूर यंत्रानें आपल्या स्मृतींत राखून ठेवलेला असतो, तो या आज्ञेनें कार्डावर उतरतो. एक नक्कल लॅपटॉपवर, एक बाहेरील डिस्कवर आणि एक दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या आप्ताकडे असावी. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यांत घालून, कॅमेऱ्यानेंच फॉर्मॅट करावें.

ज्यांस लिनक्सची भीति वाटते त्यांच्यासाठीं पवई येथील आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमानें मराठींतही पाठ तयार केले आहेत. एखाद्या रविवारीं घरांतील मुलांसमवेत ते पाहिले तर विषयाचें अवघडपण पुष्कळ कमी होईल.

पूर्वजांच्या दफ्तरांतील कागद टिकले, तरी ते वाचणारे मोडीचे जाणकार विरळा झाले, आणि ठेव असून नसल्यासारखी झाली. छायाचित्रांचीही तीच गत व्हावयाची नसेल, तर दोन गोष्टी हव्यात: ठेवीची दुसरी प्रत, आणि ती ज्या लिपींत आहे त्या लिपीची खुली किल्ली. दुसरी गोष्ट जगभरच्या आज्ञावलीकारांनीं सिद्ध करून ठेवली आहे. पहिली मात्र ज्याची त्यानेंच करावयाची आहे.