मौनातही मासा मागता येई

इटलीतल्या माँते कासिनो इथल्या मठासाठी संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात 73 प्रकरणांची नियमावली लिहिली. पुढे पश्चिम युरोपातल्या असंख्य मठांचा दिवस तिच्यावरच चालला. तो अंधारातच सुरू होई. दिवसा सात प्रार्थना, रात्री एक. आठवड्याभरात बायबलमधली सगळी 150 स्तोत्रे म्हणून व्हायलाच हवीत. झोपायचे अंगावरच्या कपड्यांनिशी, पण कमरेची सुरी काढून, झोपेत लागू नये म्हणून. रात्रीच्या प्रार्थनेतले सुरुवातीचे एक स्तोत्र मुद्दाम संथ म्हणत, म्हणजे उशिरा उठणाऱ्यालाही पोचता येई. माणसाची अशी पारख या नियमांत जागोजागी दिसते.

जेवायला दोन शिजवलेले पदार्थ, मिळाल्यास फळे किंवा ताजी भाजी आणि दिवसाला साधारण रत्तलभर पाव. चार पायांच्या प्राण्याचे मांस फक्त फार अशक्त आजाऱ्याला. वाइन भिक्षूंना शोभत नाही, पण हल्ली त्यांना हे पटत नाही, असे म्हणून बेनेडिक्ट तिचेही रोजचे माप ठरवून देतात! जेवताना एक जण ग्रंथ वाची, बाकीचे गप्प. फ्रान्समधल्या क्लूनी मठात (स्थापना 910) तर न बोलता हवे ते मागण्यासाठी हातांच्या खुणांची यादीच झाली. मासा हवा असेल तर पाण्यातल्या शेपटीसारखा हात हलवायचा.

क्लूनीत प्रार्थना इतक्या लांबल्या की अंगमेहनतीला वेळ उरेना. 1098 मध्ये सितो इथे उभ्या राहिलेल्या सिस्टर्शियन पंथाने शेतकाम पुन्हा मानाचे केले, तरी त्यातला मोठा वाटा बहुधा निरक्षर अशा श्रमिक बंधूंनीच उचलला.